विंडोजच्या सीआयवर पायथन ३.१२ च का उचललं जातं?

गंजलेला_पाना:
मंडळी, सी++ प्रोजेक्ट आहे, सीमेकवर (बिल्ड लावून देणारं टूल), लिनक्स-मॅक-विंडोज तिन्हीकडे बिल्ड होतं. मध्ये एक पायथन स्क्रिप्ट हेडर फाइली जनरेट करते. उबुंटू २२.०४ वर (पायथन ३.१०) मस्त चालतं, मॅकवरही चालतं, विंडोजच्या सीआयवर (आपोआप बिल्ड-टेस्ट करणाऱ्या सर्व्हरवर) मात्र "नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स" म्हणून आपटतं. बरं, आधीच्या स्टेपमध्ये ३.११ चं व्हेन्व (पायथनचं वेगळं, स्वतंत्र वातावरण) बनवून अ‍ॅक्टिव्हेटही केलंय, तरी सीमेक ३.१२ च पकडतो. आता टीममध्ये दोन गट, एक म्हणतो सगळीकडे ३.११ पिन करा (तेच व्हर्जन पक्कं ठरवा), दुसरा म्हणतो स्क्रिप्ट बदला. काय करावं?

रात्रपाळी_देवऑप्स:
डिस्टयुटिल्स (पायथनसोबत येणारं, पॅकेज बनवायचं जुनं मॉड्यूल) ३.१० पासून डेप्रिकेटेड (पुढे काढणार असं जाहीर) होतं आणि ३.१२ मध्ये (ऑक्टोबर २०२३) काढूनच टाकलं, त्यामुळे ते आज ना उद्या फुटणारच होतं. सेटअपटूल्स हे वेगळं पॅकेज टाकलं की त्याच्याबरोबर डिस्टयुटिल्सची कॉपी येते म्हणून बरेच जण तेवढ्यावर भागवतात, पण ३.१२ पासून नव्या व्हेन्वमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही हे लक्षात ठेव. तुमची स्क्रिप्ट त्यातलं नेमकं वापरते काय?

गंजलेला_पाना:
फक्त लूझव्हर्जन, व्हर्जन नंबरांची तुलना करणारा क्लास. कंपायलरचं व्हर्जन तपासायला.

रात्रपाळी_देवऑप्स:
एवढंच?! मग आकडे तोडून टपल (आकड्यांची यादी) करा नि तुलना करा, पाच ओळींचं काम. नाहीतर पॅकेजिंग नावाचं मॉड्यूल आहे, पण बिल्डला अजून एक डिपेंडन्सी कशाला लावून घ्यायची.

कोकणी_कंपायलर:
स्क्रिप्ट दुरुस्त केली तरी चुकीचं पायथन का उचललं जातंय हे बाकीच राहतं, आणि खरं दुखणं तेच आहे. सीआयमध्ये बहुतेक ठिकाणी प्रत्येक स्टेपला नवा शेल मिळतो, म्हणजे आधीच्या स्टेपमधलं अ‍ॅक्टिव्हेट पुढे टिकत नाही, व्हर्च्युअल एन्व्ह हे व्हेरिएबलच नसतं आणि सीमेकला तुमच्या व्हेन्वचा पत्ता लागत नाही. मग विंडोजवर तो पाथच्या (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीच्या) आधी रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) बघतो (डीफॉल्टच तसा आहे), त्यामुळे पाथमध्ये ३.११ पुढे टाकून काही होत नाही, रजिस्ट्रीत जे सापडेल ते घेतो. त्यात प्रोजेक्टमध्ये सीमेकचं मिनिमम व्हर्जन ३.१५ च्या खाली लिहिलं असेल तर शोधून शोधून सगळ्यात नवं घेतो.

शोधायला लावूच नका. पायथन३ एक्झिक्युटेबल हे व्हेरिएबल कॉन्फिगर करतानाच पायथनच्या फाइलचा पूर्ण पाथ देऊन टाका. पाथ मात्र विंडोजवर व्हेन्वच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये, बाकी दोन्हीकडे बिनमध्ये. आणि हो, जुना बिल्ड फोल्डर आधी उडवा, सीमेक कॅशमध्ये आधीचं पायथन बसलेलं असतं आणि तुम्ही बसता डोकं खाजवत (३.२४ पासून फ्रेश ऑप्शन आहे, तोही चालेल).

गंजलेला_पाना:
पाथ दिला, फोल्डर उडवला, ३.११ उचललं! पण सीमेकच्या कस्टम कमांडमध्ये कुणीतरी सरळ "पायथन३" असं नाव लिहून ठेवलंय, तिथे अजून अडतंय.

कोकणी_कंपायलर:
तिथेही तेच व्हेरिएबल घाला. पायथन डॉट ऑर्गच्या नेहमीच्या विंडोज इन्स्टॉलरने पायथन३ नावाची कमांड येत नाही, उलट विंडोज १० मध्ये त्या नावाने मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उघडतं. तिकडे उबुंटू २०.०४ पासून उलटं, नुसतं "पायथन" आपलं आपण नसतं. नावावर विसंबायचंच नाही.

शब्दांचा_सुतार:
थोडं बाजूला जातोय, पण हेडरमध्ये मराठी स्ट्रिंग्ज जात असतील तर विंडोजवर पुढचा दणका एन्कोडिंगचा. पायथनच्या ओपनला (फाइल उघडायचं फंक्शन) एन्कोडिंग दिलं नाही तर तिथे सिस्टमचं कोडपेज (अक्षरांचा जुना तक्ता) धरतात, बऱ्याच मशीनवर ते सीपी १२५२ असतं, आणि "ळ" लिहायला गेलं की एरर. ओपनमध्ये यूटीएफ-८ लिहाच, घाईत असाल तर पायथन यूटीएफ८ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा, ३.७ पासून चालतं.

गंजलेला_पाना:
मराठी आणि कोकणी, दोन्ही आहेत आमच्याकडे 😅 लगेच बघतो. आणि पिनवाल्या गटाला काय सांगू?

रात्रपाळी_देवऑप्स:
रिलीज बिल्डला पिन ठेवा की. सीआयमध्ये त्याच स्क्रिप्टसाठी ३.१० आणि ३.१२ अशा दोन जॉब लावा, मिनिटभराच्या आहेत, डोळ्यांना दिसेल कुठे तुटतंय ते.