आईच्या डब्यातल्या चिंध्यांचं काय करू?

प्रश्न: आईला हल्ली माझं नाव आठवत नाही. तिच्या बिस्किटांच्या डब्यात इरकलीचे काठ, एसटीची तिकिटं, वाण्याच्या याद्या सापडल्या. कापडावर मांडायचंय. फेव्हिकॉल चालेल?

उत्तर: चिकटवू नका, गोधडीसारखा धावदोरा घाला, पुन्हा उसवता येतो. फ्रेंच-अमेरिकन शिल्पकार लुईज बूर्झ्वा यांनी २००२ मध्ये, वयाच्या नव्वदीत, स्वतःच्या जुन्या कपड्यांचे तुकडे लग्नातल्या लिननवर शिवून कापडी पुस्तक केलं. त्यांचे आईवडील जुनी टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं, दुरुस्त करायचे, सुई घरातलीच.

उत्तर: मशीनची तिकिटं थर्मल कागदाची असतात, अक्षरं उडतात. आजच झेरॉक्स काढा!

प्रश्नकर्ती: काढली. काल काठ आईच्या हाती दिला. नाव नाही आठवलं, पण मागितली ती सुईच. चार टाके घातले तिने. सरळ.