मदत हवी आहे : जुन्या लाकडी रेसिंग होडीसाठी निधी कसा उभारावा?

होडी एंटरप्राइज या शिडाच्या प्रकारातली, १९५६ चा ब्रिटिश होडी-रचनाकार जॅक होल्ट यांचा आराखडा, लांबी ४.०४ मीटर. सध्या पुण्यात शेडमध्ये. सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीच्या बुडाशी टोचा मारला की प्लायचा नुसता भुसा निघतो; पावसाचं गोडं पाणी साचून राहिलं की असंच होतं, खारं पाणी परवडलं. बाकी सांगाडा ठणठणीत. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, इपॉक्सी, शिडं, सगळ्याचे भाव काढलेत.

घोडं पैशांपाशी अडलंय. वैयक्तिक खात्यात वर्गणी घेतली तर ८०जी ची (देणगीदाराला करसवलत देणारी) पावती देता येत नाही, सीएसआरला (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीला) संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. नवा ट्रस्ट काढावा की नोंदणी असलेल्या संस्थेच्या खात्यात या कामापुरता वेगळा हिशेब ठेवावा? आमचा कल दुसऱ्याकडे. अशा संस्थेशी करारात काय लिहून घ्यावं? आणि परदेशी पासपोर्टवाल्यांची वर्गणी एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणीशिवाय नाकारायचीच ना?