वाणिज्याचा वर्ग खरोखर रिकामा असतो का?

तृतीय वर्ष बी.कॉम., कागल : "वाणिज्याची मुले हजेरी लावून रंकाळ्यावर जातात, त्यांच्या वर्गात शिकण्यासारखे काही घडत नाही," असे काल येथे एका गृहस्थांनी लिहिले, ते वाचून राहवले नाही. साडेसातचे पहिले व्याख्यान गाठण्यासाठी मी सहाला घर सोडते आणि एसटीत उभी राहून येते. गेल्या आठवड्यात आमच्या तेरजेच्या, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांच्या तक्त्याच्या, दोन बाजूंत ९० रुपयांचा फरक येत होता. मॅडमनी उत्तर सांगितले नाही. फरकाला ९ ने भाग जात असेल तर आकड्यांची उलटापालट शोधा, एवढेच म्हणाल्या. अखेर शेवटच्या बाकावरच्या मुलाला खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, ५४० च्या जागी ४५० सापडले, तेव्हा तास संपूनही कोणी उठले नाही.

कर सल्लागार, शाहूपुरी : तो लेख माझाच आहे आणि मी तो मागे घेणार नाही. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू आहे. तरीही माझ्याकडे येणारे प्रथम श्रेणीचे पदवीधर त्याची व्याख्या घडाघडा म्हणतात, मात्र खरेदीचे बिल हातात दिले की त्यातल्या किती कराची वजावट मिळेल हे सांगू शकत नाहीत. एका तासाच्या आठवणीने हे झाकले जात नाही.

एमबीए, मार्केट यार्ड : माझे दुखणे वेगळे आहे. वडील गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी असल्याने सौद्यानंतर शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे त्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीतून, हमाली, तोलाई कशी वजा होते, हे मी शाळकरी वयातच पाहिले होते. कीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, आणि खतावणी हे शब्द घरातलेच होते. पदवीच्या पहिल्या वर्षी 'जर्नल' आणि 'लेजर' फळ्यावर आले, तेव्हा हे काही निराळेच शास्त्र आहे असे समजून मी सहा महिने मान खाली घालून बसलो. कीर्द म्हणजेच जर्नल आणि खतावणी म्हणजेच लेजर, हे सांगायला एक वाक्य पुरले असते.

अध्यापिका, राजारामपुरी : सनदी लेखापालाच्या (सीए) परीक्षेला इंग्रजी किंवा हिंदी हेच पर्याय आहेत. मराठी शब्दांच्या मायेपोटी मुलांना तेथे उघडे पाडायचे काय? ऐंशी मुलांच्या वर्गात अभ्यासक्रम संपवताना आमची काय दमछाक होते, ते बाहेर बसून कळत नाही.

एमबीए, मार्केट यार्ड : मॅडम, इंग्रजी नको असे मी कोठे म्हटले? आपण न वाचताच उत्तर दिलेत, आणि वर्गात आमचेही नेमके हेच होत असे.

अध्यापिका, राजारामपुरी : हा आरोप मला मान्य नाही. तरीही दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायला वेळ लागत नाही, एवढे मी मान्य करते. आपल्या बोलण्याचा सूर मात्र मला पटलेला नाही.

कर सल्लागार, शाहूपुरी : चर्चा भाषेकडे गेली, माझा प्रश्न तेथेच राहिला. ९ चा ताळा शिकवणाऱ्या मॅडम असतील, तर त्या वर्गाबद्दल माझे म्हणणे चुकले, असे समजा. बाकी वर्गांचे काय?

तृतीय वर्ष बी.कॉम., कागल : बाकीच्या वर्गांत आम्हाला खरी बिले कोणी दाखवतच नाही, सर. नावे झाकून आपल्याकडची दहा जुनी बिले द्या. मी ती मॅडमना नेऊन देते.

कर सल्लागार, शाहूपुरी : शनिवारी चारनंतर या. दहा नव्हे, पंचवीस देतो.