मधकेंद्र योजना : सासऱ्यांचा सातबारा चालतो का?

राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत बायकोला 'केंद्रचालक प्रगतशील मधपाळ' म्हणून अर्ज करायचा आहे. दहावी पास, वय 34, सातेरी मधमाश्यांच्या पेट्या घरी आहेत. 20 दिवसांच्या प्रशिक्षणाची तयारी आहे. (10 दिवसांचं वैयक्तिक मधपाळाचं नको, पुढे गटातल्या बायकांना तिला शिकवायचंय.) 50 टक्के स्वगुंतवणुकीची सोय झालीय, तेव्हा कर्जाचे सल्ले नकोत.

अडलंय जमिनीवर. एक एकर स्वतःच्या किंवा कुटुंबीयाच्या नावे, नाहीतर भाड्याने हवी. सातबारा माझ्या वडिलांचा, पण रेशनकार्ड वेगळं. फोनवर विचारलं तर एकदा 'चालेल', एकदा 'नाही'.

सासऱ्यांच्या सातबाऱ्यावर कुणाचा अर्ज मंजूर झालाय का? संमतीपत्र पुरलं, की भाडेकरार करावा लागला?