चेहरे उलटे दाखवले तरी गुण घसरत नाहीत, कुठे चुकतंय?

सरळकोन
मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी उलट्या चेहऱ्यांचा प्रयोग बसवतोय: उलटं केल्यावर इतर वस्तूंपेक्षा चेहरे ओळखणं जास्त अवघड जातं, हे दाखवायचंय. चेहरे, शरीरं आणि घरं यांचे फोटो, सरळ आणि १८० अंशांत फिरवून. आधी एक फोटो २ सेकंद, मग अर्धा सेकंद कोरा पडदा, मग दुसरा फोटो उत्तर येईपर्यंत. 'तोच की वेगळा' एवढंच सांगायचं. चेहरे सरळ असताना ९७ टक्के बरोबर, उलटे असताना ९५! शरीरांत तर काहीच फरक नाही. चेहऱ्यावरून उत्तर देऊ नये म्हणून ते फोटो मानेपासून खाली कापलेत. चेहऱ्यांचा संच युरोपातला आहे. काय बदलू?

दृष्टिपटल
९७ म्हणजे पेपर फारच सोपा काढलाय. सगळेच पैकीच्या पैकी मिळवत असतील तर फरक दिसणार कुठून?

पहिलं म्हणजे वेळ. दोन्ही फोटो २५० मिलिसेकंदच दाखवा. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या पडद्यावर त्या १५ फ्रेम होतात. घड्याळावर न विसंबता फ्रेम मोजा. मधे कोऱ्या पडद्याऐवजी त्याच फोटोंचे तुकडे विस्कटून केलेला मास्क ठेवा, नाहीतर पहिल्या फोटोचा ठसा डोळ्यासमोर रेंगाळतो.

खरा घोळ मात्र वेगळाच असावा. 'तोच' या जोडीत तुम्ही हुबेहूब तोच फोटो देत असाल, तर लोक चेहरा ओळखतच नाहीत. कपाळावरची बट, गालावरची सावली, तीळ, टिकली यांतलं काहीतरी पकडून मोकळे होतात, आणि तेवढं उलट्या फोटोतही जमतं. एकाच व्यक्तीचे वेगवेगळ्या उजेडातले दोन फोटो घ्या. लंबगोल कापून केस, कान, कानातलं बाहेर काढा. कृष्णधवल करून सरासरी उजेड सारखा करा आणि दुसरा फोटो आकाराने थोडा लहान ठेवा.

सरळ चेहऱ्यात डोळे, नाक, ओठ आणि त्यांच्यामधली अंतरं मेंदू एकगठ्ठा वाचतो. १९८७ मध्ये यंग आणि सहकाऱ्यांनी एकाच्या चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागाला जोडला, तर ओळखीचा माणूसही चटकन ओळखू येईना. दोन्ही भाग बाजूला सरकवले किंवा चित्र उलटं केलं की अडचण कमी होते. उलट्या चेहऱ्यात एकेक अवयव सुटासुटा बघावा लागतो, म्हणून ओळख ढासळते.

घरांतही थोडी घसरण येईलच, बिचकू नका. यिन यांच्या १९६९ च्या उलट्या चेहऱ्यांच्या प्रयोगातही ती होती, फक्त चेहऱ्यांची कितीतरी जास्त होती. तुम्हाला दाखवायचाय तो घसरणीतला फरक.

मणका
शरीरांचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे: मुंडकं उडवलंत तिथेच घात झाला. रीड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शरीर उलटं केल्यावर चेहऱ्यासारखीच घसरण दाखवली होती, पण त्या आकृत्यांना डोकं होतं. नंतर योव्हेल यांच्या गटाने डोकं काढून बघितलं आणि परिणाम नाहीसा झाला.

याचा अर्थ बिनडोक्याचं शरीर मेंदूला शरीर वाटत नाही, असा काढू नका. मेंदूच्या मागच्या बाहेरच्या बाजूला एक्स्ट्रास्ट्रायेट बॉडी एरिया हा शरीरं बघून चेतणारा भाग आहे (डाउनिंग, २००१). नुसते हात-पाय किंवा काड्यांचा माणूस दाखवला तरी तो जागा होतो. गंमत अशी की ब्रँडमन आणि योव्हेल यांच्या २०१० च्या स्कॅनमध्ये सरळ-उलट्याचा फरक या भागात न येता चेहऱ्यांच्या भागांत आला.

तेव्हा डोकं ठेवा आणि चेहऱ्याचे अवयव पुसून टाका. कपडे सारखे. 'वेगळा' जोडीत फक्त देहस्थिती बदला: एक कोपर किंवा एक गुडघा, तोही थोडाच.

सरळकोन
अवयव पुसल्यावर चेहऱ्याची यंत्रणा जागी कशी होईल?

मणका
संदर्भाने. पवन सिन्हा यांच्या गटाने २००४ मध्ये चेहरा ओळखू येणार नाही इतका धूसर केला. त्याखाली योग्य जागी धड ठेवल्याबरोबर फ्युसिफॉर्म फेस एरियाचा, म्हणजे मेंदूतल्या चेहऱ्यांना चेतणाऱ्या भागाचा, प्रतिसाद वाढला. धड बाजूला किंवा चुकीच्या जागी ठेवलं तर तसं होत नाही. 'इथे चेहरा असणार' एवढं कळलं तरी त्या भागाला पुरतं.

फ्रेममोजणी
दोन्ही उत्तरं पटली. बसवतानाच्या काही गोष्टी राहिल्यात.

उलटा फोटो आला की लोक नकळत मान वाकडी करतात आणि अर्धा परिणाम तिथेच विरतो. हनुवटी टेकायला पुस्तकांची चळत पुरेल. डोळे पडद्यापासून ५७ सेंटिमीटरवर ठेवा. त्या अंतरावर पडद्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे दृष्टीचा साधारण १ अंश, हिशेब सोपा. चेहरा ६ ते ८ सेंटिमीटर उंच चालेल.

संच बदला. ज्या वंशाचे चेहरे रोज दिसत नाहीत ते सरळ असतानाही नीट ओळखता येत नाहीत, मग उलट्याची घसरण कमी दिसू शकते. भारतीय चेहरे घ्या, अर्थात लेखी परवानगी घेऊन.

नुसती टक्केवारी देऊ नका. उलट्या फोटोंना काहीजण सरसकट 'तोच' म्हणतात, म्हणून डी-प्राइम काढा, म्हणजे 'तोच' म्हणण्याचा कल वगळून खरा फरक किती ओळखता आला याचं माप. कुणाचे सगळेच 'तोच' बरोबर आले तर गणित अनंतात जातं. बरोबर आणि चुकीच्या 'तोच' उत्तरांच्या दोन्ही आकड्यांत ०.५ मिळवा, त्या-त्या ट्रायल-संख्येत १ मिळवून भागा. प्रत्येक प्रकारात ४० ट्रायल (एक जोडी दाखवून एक उत्तर म्हणजे एक ट्रायल), निम्मे 'तोच', सगळे सरमिसळ करून.

आधी चार-पाच जणांवर चालवून बघा. सरळ चेहरे ८०-८५ टक्क्यांवर आले तर पुढे जा. अजून ९५ च्या वर असतील तर वेळ कमी करण्याआधी 'वेगळा' जोडीतली माणसं एकाच वयाची, एकाच लिंगाची आणि साधारण सारख्या अंगलोटाची निवडा.