काळ्या मातीत पंधरा-पंधरा गाड्यांचा ग्रुप नेणं बंद करा (चर्चा)

राऊवाला:
गेल्या रविवारच्या राइडचे फोटो सगळीकडे फिरतायत, चिखलाने माखलेले चेहरे, अंगठे वर, छान आहेत फोटो, पण फोटोत जे आलं नाही ते मी लिहितो. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंदूरच्या तेजाजी नगरहून पंधरा बाइक निघाल्या, सिमरोलच्या पुढे खंडवा रोड सोडून चोरलच्या बाजूला शेतातल्या कच्च्या रस्त्याला लागल्या, आदल्या रात्री मजबूत पाऊस. दीडेक किलोमीटरच्या तुकड्याला अख्खी सकाळ गेली, दोन हिमालयन (रॉयल एनफिल्डच्या जड बाइक) गावातल्या ट्रॅक्टरने ओढून काढल्या आणि एका पोराचा घोटा सुजून बूट निघेना.

माझं म्हणणं, चिखलाला नाव ठेवू नका, गर्दीला ठेवा. आपल्या माळव्याची काळी माती बेसाल्टची झीज होऊन झालेली, तिच्यातली चिकण ओली झाली की फुगते. पहिली गाडी जाते तेव्हा वरचा थर शाबूत असतो, गवताच्या मुळांनी धरलेला, टायरला थोडं तरी काहीतरी मिळतं. चौथी-पाचवी जाईपर्यंत चाकोरी पडते, दहावी येते तेव्हा त्या चाकोरीत पाणी भरलेलं असतं. आणि पंधरावा कोण असतो? नवशिक्या! कारण आपली पद्धतच अशी, लीडर पुढे, पट्टीचे लोक त्याच्या मागे, आणि नवीन पोरं शेवटी, "स्वीपवाला (मागे राहिलेल्यांना सांभाळणारा) बघून घेईल" म्हणून. म्हणजे सगळ्यात वाईट रस्ता आपण सगळ्यात कच्च्या हाताला देतो, आणि वरून म्हणतो की याला चालवता येत नाही.

तर माझी मागणी सरळ आहे. काळ्या मातीत एका वेळी सहाच्या वर गाड्या नकोत. मोठा ग्रुप न्यायचाच असेल तर दोन दिवस उघाड मिळाल्यावर न्या, नाहीतर मुरमाच्या, दगडाच्या वाटा धरा, जानापावच्या बाजूला, जाम गेटकडे.

चिखल्या_इंदौरी:
मग असं करा भिया, पावसाळाभर घरी बसा, पोह्यांवर जीरावन टाका आणि यूट्यूबवर रॅली बघा 😄

सिरियसली सांगतो. चिखल नको, गर्दी नको, दोन दिवस ऊन हवं, मग ती ऑफ-रोड राइड कशाला, बायपासवर चक्कर मारून या. ग्रुप मोठा असतो म्हणूनच माणसं येतात. एकटा पोरगा हीरोची नवी एक्सपल्स बाइक घेऊन सिमरोलच्या आत गेला आणि पडला तर गाडी खालून पाय कोण काढणार? पंधरा जण होते म्हणून तो घोटा सुजलेला पोरगा तासाभरात डांबरी रोडवर होता.

आणि दगडाच्या वाटा सुचवताय त्याचं तर हसूच आलं. ऑगस्टमध्ये बेसाल्टवर शेवाळ धरतं, त्यावर टायर कसा सरकतो हे जानापावच्या चढावर जो गेलाय त्याला विचारा, साडेआठशे मीटर उंचीचा डोंगर आहे तो. चिखलात पडलं की जीन्स धुवायची. दगडावर पडलं की कॉलरबोन. नवशिक्याला कुठे पाडायचं ते तुम्हीच ठरवा.

राऊवाला:
शेवाळाचं मान्य. पण दगडावर पुढच्या गाडीमुळे मागच्याचा रस्ता बिघडत नाही, मी बोलतोय ते त्याबद्दल.

मागची_गाडी:
ज्या पंधराव्या गाडीबद्दल इतकं चाललंय ती माझी होती, म्हणून लिहिते.

राऊवाले बरोबर बोलतायत, माझ्या वाटेला जे आलं तो रस्ता राहिलाच नव्हता, दोन चर आणि मध्ये उंच दांडा. चरात घातली की फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) घासतात, दांड्यावर चढवली की मागचं चाक सरकून चरात. एक्सपल्सचा ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर, तरी खाली लागत होतं.

पण खरी अडचण वेगळी होती आणि ती कुणी लिहिली नाहीये. ही माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरते. आधी पुरणाच्या उंड्यासारखी चिकटते, मग थर बसत बसत चाक जाम. पुढचं चाक फिरायचंच बंद होतं, हँडल वळत नाही, आणि तुम्ही क्लच अर्धा दाबून रेस देत बसता, मग क्लच जळल्याचा वास. मी स्क्रूड्रायव्हरने उकरून काढलं, वीस पावलांवर परत जाम. जे पुढे होते त्यांना हे कमी झालं कारण त्यांचा वेग तुटला नाही, वेग असला की चाकच माती भिरकावून देतं. माझ्या पुढे दर दोन मिनिटांनी कुणीतरी पडायचं, मी थांबायची, आणि एकदा थांबलं की संपलं. म्हणजे मोठ्या ग्रुपमध्ये मागच्याला दुहेरी मार, रस्ता वाईट आणि वर मोमेंटम पण नाही.

आता जिथे मला पटत नाही ते. सहा गाड्यांचा नियम करून काय होईल, सहा पट्टीचे लोक जातील आणि आम्हाला कधी बोलावणारच नाहीत. संख्या नका कापू, क्रम बदला. नवीन माणसाला लीडरच्या लगेच मागे ठेवा, दुसरा-तिसरा, ज्यांचा हात बसलाय ते शेवटी या, त्यांना उखडलेला रस्ता मिळाला तर मिळू दे, त्यांनाच हौस आहे ना.

अजून एक. मी अडकले तेव्हा बांधावर उभं राहून चार जण चार सूचना देत होते, "उभी राहा", "बस", "सेकंड टाक", "फर्स्ट टाक". उंटावरून शेळ्या हाकायचं काम. खाली उतरून मागून धक्का एकानेच दिला, तो पण गावातला दूधवाला होता, आपल्यातला नाही.

चिखल्या_इंदौरी:
ताई तुमचा क्रमाचा पॉइंट जबरदस्त आहे, पुढच्या वेळी करून बघू. फक्त एक भीती, नवीन माणूस दुसऱ्या नंबरवर पडला की मागच्या तेरा गाड्या चिखलात थांबणार, आणि तुम्हीच म्हणताय थांबलं की संपलं.

राऊवाला:
अरे मग तेच तर! तेरा गाड्या थांबतात कारण तेरा आहेत. सहा असत्या तर चार थांबल्या असत्या, चारही जण उतरून गाडी उचलायला आले असते आणि पुढे निघालो असतो. मोठ्या ग्रुपमध्ये कुणीच उतरत नाही, प्रत्येकाला वाटतं की दुसरा उतरेल.

राजदूतकाका:
तुमचं सगळ्यांचं वाचलं. तुमच्या जन्माआधी मी राजदूतवर याच भागात फिरलोय, तेव्हा कुणी त्याला ऑफ-रोड म्हणत नव्हतं, रोडच नव्हता. पण ते राहू द्या.

सिमरोलच्या पुढे आमच्या साडूचं शेत आहे म्हणून त्या बाजूचं थोडं सांगतो. तुम्ही ज्याला ट्रॅक म्हणता तो लोकांचा शेतात जायचा रस्ता आहे. काळ्या मातीत ओल्यात जी चाकोरी पडते ती पाऊस थांबला की वाळते आणि दगड होते, मग भेगा पडतात. सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, तेव्हा त्याच रस्त्याने ट्रॉली न्यायची असते, आणि तुमचे चर तिथे तसेच असतात. ट्रॉली एका बाजूला कलते, माल सांडतो. तुम्ही तेव्हा इंदूरच्या सराफा बाजारात भुट्ट्याचा कीस खात असता. गेल्या रविवारी तिथल्या एका म्हाताऱ्याने साडूला म्हटलं, "छोराहोन मजो करी गिया, रस्तो म्हारे ठीक करनो पड़ेगो." बास, यावर मी काय बोलणार.

आणि नवलाची गोष्ट ही की त्याच रस्त्याने दूधवाले रोज पहाटे स्प्लेंडरवर दोन्ही बाजूंना कॅन लटकवून येतात, टायर गुळगुळीत, ना बूट ना गार्ड. स्प्लेंडर असते ११२ किलोची, तुमची नवी हिमालयन १९६. बारीक टायर चिखल कापून खालच्या टणक थरावर जातो, वजन कमी म्हणून रुतत नाही, आणि रुतलीच तर एकटा माणूस उचलून बाजूला ठेवतो. साडेतीन लाखांची गाडी घेऊन ट्रॅक्टर बोलवायचा यात कसली मर्दुमकी आहे ते मला कळत नाही.

चिखल्या_इंदौरी:
काका मान आहे तुमचा, पण थोडं जास्त होतंय. ट्रॅक्टरवाल्याला आम्ही पैसे दिले, तो खूश होता, नंबर पण दिला त्याने, परत आलात तर बोलवा म्हणाला. आणि रस्ता गाड्यांनी कमी, ट्रॅक्टरनेच जास्त उखडतो, त्याचं मागचं एक चाक आमच्या टायरांपेक्षा कितीतरी रुंद.

राजदूतकाका:
बरोबर आहे. त्याचा रस्ता आहे, त्याने उखडला.

रामबाग_३५०:
😂😂 काकांनी एका वाक्यात विकेट काढली

नाल्याकाठचा:
सगळे मातीवर भांडतायत आणि त्या राइडमध्ये दोन ओढे पण ओलांडले ते कुणालाच आठवत नाहीये. मला विचाराल तर चिखल ही गंमत आहे, घोटा मुरगळेल, क्लच-ब्रेकचा लिव्हर तुटेल, फार तर रेडिएटरला मार बसेल. जीव घेतं ते पाणी.

चोरल, पाताळपाणी, तिंछा हा सगळा विंध्याच्या कडेचा भाग आहे, पठारावर वर कुठेतरी पाऊस पडतो आणि खाली आपल्या डोक्यावर ऊन असताना लोंढा येतो. २०११ च्या जुलैत पाताळपाणीला हेच झालं होतं, एकाच कुटुंबातली माणसं प्रवाहात मध्येच अडकली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली, तो व्हिडिओ इंदुरात कुणी पाहिला नसेल असं नाही. तरी दर पावसाळ्यात आपण तिथेच.

ग्रुपचा धोका इथे खरा दिसतो. लीडरने ओढा पार केला की मागचा विचारच करत नाही, तो गेला म्हणजे जाता येतं. पण लीडर गेला त्याला पंधरा-वीस मिनिटं झालेली असतात, तेवढ्यात पाणी बोटभर चढलंय का हे बघणारा कुणी नसतो. माझ्या ग्रुपला मी हे कंपल्सरी केलंय, आधी एकाने चालत पार करायचं, पाणी गुडघ्याला लागलं आणि ओढ जाणवली की गाडी वळवायची, काठावर एक दगड खुणेला ठेवायचा, दगड बुडाला की राहिलेल्यांनी यायचं नाही, जे पलीकडे गेले ते लांबून वळसा घालून येतील. गढूळ पाणी, त्यात काड्या-पाला वाहत येतोय म्हणजे वर पाऊस सुरू आहे, तेव्हा फोटोसाठी पण उतरू नका.

आणि गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नका हो कृपा करून. पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर काढा, एअर फिल्टर बघा, प्लग काढून इंजिन फिरवून पाणी बाहेर येऊ द्या, मगच. हे दर वर्षी सांगावं लागतं आणि दर वर्षी कुणीतरी घाईत बटण दाबतं.

मागची_गाडी:
दुसऱ्या ओढ्याला हेच झालं. मी पोचले तेव्हा पाणी पुढच्यांनी सांगितलं त्यापेक्षा जास्त होतं, मी थांबले तर पलीकडून ओरडा, "आ जा, कुछ नहीं होता". गेले. झालं नाही काही. पण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की होणार नाही.

रामबाग_३५०:
जंगलाचं पण कुणीतरी लिहा. राळामंडल अभयारण्य आहे, आणि चोरलच्या आतलं बरंचसं रिझर्व्ह फॉरेस्ट, शेतरस्ता कुठे संपतो आणि वनविभागाची हद्द कुठे सुरू होते हे मॅपवर दिसतच नाही. पंधरा गाड्यांच्या आवाजाला फॉरेस्टवाला आलाच तर लीडरच्या नावाने केस होते, बाकीचे फोटो डिलीट करून मोकळे. आणि घोडारोज (नीलगाय) पिकात शिरू नये म्हणून कुठे कुठे लोक तारा लावतात, ओल्यात कडेने वळवायला गेलात तर बघून. मला बुलेट घेऊन यायचंच नाहीये, मी आपला वाचतोय 😄

राऊवाला:
ठीक. मग मी स्वतःपुरतं सांगतो. येत्या रविवारी सहाच गाड्या, दोन नवीन, दोघंही लीडरच्या मागे, ताईंनी सांगितला तो क्रम. काळ्या मातीचा तुकडा नाही, मुरमाने जानापावच्या पायथ्यापर्यंत आणि परत. ओढ्याला नाल्याकाठच्यांचा दगडाचा नियम. टायरची हवा मागे-पुढे वीस पीएसआयच्या आसपास, त्याखाली नको, ट्यूबवाल्या टायरमध्ये रिमवर टायर सरकला की वॉल्व्ह उपटतो. ज्यांना यायचंय त्यांनी सांगा, सातव्याला नाही म्हणणार.

चिखल्या_इंदौरी:
आणि आम्ही चोरललाच जाणार, चौदा जण झालेत आत्तापर्यंत. नवीन पोरं पुढे ठेवतो, तेवढं घेतलं तुमचं. पण चिखल सोडणार नाही. त्या बाजूच्या उतारावर काळी माती हातभरच आहे, खाली मुरूम लागतो, चाकोरी पडली की उलट पकड मिळते, पहिल्याला त्रास, मागच्यांना मजा. तुमचा सगळा हिशोब सपाटीच्या शेताचा आहे.

राऊवाला:
तो उतार संपला की सपाटीच आहे. रविवारी तिथेच अडकला होतात.

राजदूतकाका:
चिखल्या, जाणार असशील तर साडूच्या बांधावरून जाऊ नकोस, मंदिराच्या मागून मुरमाचा रस्ता आहे, थोडा लांब पडतो. आणि जाताना त्या म्हाताऱ्याला भेट, एक ट्रॉली मुरूम टाकून दे त्या चरांत, चौदा जणांत मिळून काही जड नाही.

चिखल्या_इंदौरी:
मुरमाच्या ट्रॉलीचं ग्रुपमध्ये विचारतो काका. दोघं-तिघं नक्की कुरकुर करणार.

मागची_गाडी:
राऊवाले, मला रविवारी धरा. आणि एक्सपल्सला उंच पुढचं मडगार्ड कोण बसवून देतं इंदुरात? सियागंजात विचारलं तर चार दिवस लागतील म्हणतायत, मला शनिवारपर्यंत हवंय.

नाल्याकाठचा:
शनिवारपर्यंत नाही मिळालं तर खालचं काढूनच या. सगळा चिखल तोंडावर येईल, पण चाक फिरेल. गॉगल विसरू नका.