अनान्सेसेम, आकोको नान: मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: घानातल्या आकान लोकांच्या कथांना ट्वी भाषेत 'अनान्सेसेम' म्हणतात. मराठीत 'कोळीकथा' चालेल? आणि 'आकोको नान तिया बा, ना एन्कुम बा' या आईबापांवरच्या म्हणीला 'कोंबडीचा पाय पिल्लावर पडतो पण मारत नाही'?

– 'कोळीकथा' नकोच, वाचक थेट वेसाव्याच्या कोळीवाड्यात पोचेल. जाळ्यातल्या कोळ्याला 'कातीण' हा जुना शब्द आहे, पण स्त्रीलिंगी. या गोष्टींचा नायक क्वाकू अनान्से तर बाप्या, न्तिकुमा नावाच्या पोराचा बाप. अनान्से म्हणजे जाळे विणणारा कोळी, आसेम म्हणजे शब्द, बाब, प्रकरण. आपली 'गोष्ट'ही अशीच: 'गोष्ट सांग' आणि 'ती गोष्ट वेगळी'. म्हणून 'अनान्सेच्या गोष्टी'. क्वाकू म्हणजे बुधवारी जन्मलेला, आपला बुध्याच म्हणा ना. तरी नाव बदलू नका.

– गोष्टीत अनान्से नसला तरी ती अनान्सेसेमच ठरते. शीर्षकात मूळ शब्द ठेवून खाली अर्थ द्या.

– म्हणीत 'मारत नाही'ने घात होतो. 'कुम' म्हणजे जीव घेणे. आपले 'मारणे' चापटीपासून खुनापर्यंत काहीही. वाचक समजेल, कोंबडी पिल्लाला फटकाही देत नाही. म्हणजे शिस्तीचा भागच गेला. 'पडतो'ही चूक, त्यात पाय चुकून पडल्यासारखा वाटतो. मी असे करेन: 'कोंबडीचा पाय पिल्लाला तुडवतो, पण त्याचा जीव घेत नाही.' आकान लोकांच्या ठसे उमटवलेल्या आदिंक्रा कापडावर 'आकोको नान' हा ठसा असतो तो याच म्हणीचा. त्याला 'कोंबडीचा पाय' एवढेच म्हणा, 'मातृप्रेम' वगैरे नको.

– 'तुडवतो' जरा जड नाही का? चिखल तुडवतात.

– जडच हवा. 'पाय देतो' म्हटले तर लहान मुले 'कुणाला देतो?' विचारतील.

– जगातले सगळे शहाणपण भांड्यात कोंडून अनान्से झाडावर चढतो, ती गोष्ट घेणार असाल तर भांडे 'मडके'च हवे. हंडा धातूचा, तो पडला तर पोचा येईल. इथे फुटून शहाणपण सगळीकडे सांडायला हवे. 'घडा' म्हटला की पापाचा आठवतो. मडके पोटावर बांधलेले, त्यामुळे खोड कवेत येत नाही आणि तो घसरतो. खालून न्तिकुमा सुचवतो, पाठीवर बांधा. निवेदनात 'शहाणपण' ठेवा, पण चिडलेल्या अनान्सेच्या तोंडी 'बापाला अक्कल शिकवतोस?' हेच शोभेल. न्तिकुमाचे 'बाबा, पाठीवर बांधा ना' मात्र आदरार्थीच ठेवा. 'बांध ना' केलेत तर बापाचा राग उद्धटपणावर जाईल, आणि त्याला झोंबते ते पोराचे बरोबर असणे.